उद्याचं वजन सांगणारा काटा

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसाने स्वतः जाडजूड असावं, यात खरं तर हसण्यासारखं काही नाही. न्हाव्यालाही टक्कल पडतं आणि दातांच्या डॉक्टरचीही दाढ किडते. पण बाजार तो बाजार, हसल्याशिवाय कसा राहील? काटेवाले पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानात शिरले की कोणीतरी म्हणायचंच, ‘‘काटेवाले, पेटी कशाला वाहता? तुम्हीच उभे राहा की काट्यावर.’’ आणि सगळ्यांच्या आधी काटेवालेच हसायचे. त्यांना राग येत नसे. राग यायला माणूस थोडा बारीक असावा लागतो, असं त्यांची बायको म्हणायची.

दोनदा त्यांनी वजन उतरवलं होतं. एकदा मित्राशी पैज लावून आणि एकदा डॉक्टरने डोळे वटारले म्हणून. दोन्ही वेळा सगळ्यांनी पाठ थोपटली आणि दोन्ही वेळा वर्षभरात ये रे माझ्या मागल्या. कपाटात त्यांच्या तीन मापांच्या पँटी घड्या घालून ठेवलेल्या असत. बायको त्यातली एकही टाकू देत नसे. प्रत्येकीची पाळी पुन्हा येणार याची तिला खात्री होती आणि तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

तिसऱ्या वेळची गोष्ट मात्र वेगळी होती. काटेवाल्यांची धाकटी बहीण शहरातली बस चालवायची. गड्यासारखा आवाज, रस्त्यावरच्या निम्म्या रिक्षावाल्यांशी भांडण आणि उरलेल्या निम्म्यांशी दोस्ती. काटेवाले तिला अजून छोटीच म्हणत. या छोटीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. बस चालवणं सुटलं, आणि आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन, यंत्राला जोडून घेऊन पडून राहणं नशिबी आलं. तपासण्या झाल्या तेव्हा सगळ्या घरात एकाच माणसाचं मूत्रपिंड तिला जुळलं, आणि तो माणूस नेमका सगळ्यांत जाड निघाला.

सर्जनने आडपडदा ठेवला नाही. ‘‘एवढ्या चरबीतून मी मूत्रपिंड काढणार नाही. वजन या आकड्याखाली आणा आणि तिथेच ठेवा. ठेवा हे जास्त महत्त्वाचं. पुढे जन्मभर तुम्हाला एकाच मूत्रपिंडावर काढायचंय. ते परत वाढलेल्या वजनाखाली दाबायचं असेल तर मी आत्ताच नाही म्हणतो.’’

काटेवाल्यांनी वजन आणलं. कसं आणलं ते सांगत बसत नाही, कारण वजन उतरवण्याच्या कहाण्या ऐकून आजवर कोणाचं पोट भरलेलं नाही आणि उतरलेलंही नाही. बायकोने ताटात वाढायचं प्रमाण बदललं, काटेवाल्यांनी स्कूटर भाच्याला देऊन टाकली आणि बाजार पायी फिरायला लागले. आकडा गाठला त्या दिवशी त्यांनी छोटीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘दादा, आता तू वाऱ्याने उडून जाशील. खिशात वजनं ठेव.’’  

पण घोडं अडलं ते पुढेच. छोटीला जंतुसंसर्ग झाला आणि ऑपरेशन काही महिने पुढे गेलं. आता प्रश्न उतरवण्याचा नव्हता, टिकवण्याचा होता, आणि टिकवण्याच्या बाबतीत काटेवाल्यांचा इतिहास काही फारसा उज्ज्वल नव्हता.

म्हणून हॉस्पिटलने त्यांना तीन वस्तू दिल्या. घरात ठेवायचा एक काटा, त्यावर उभं राहिलं की आकडा आपोआप हॉस्पिटलात जाई. मनगटावर एक पट्टा, तो झोप आणि चालणं टिपून ठेवी. आणि फोनमध्ये एक प्रोग्रॅम. जे जे खाल त्याचा फोटो त्यात टाकायचा. त्या प्रोग्रॅममध्ये एक दिवा होता. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे वजन परत वाढायची लक्षणं आहेत, लाल म्हणजे लगेच या.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या आणि समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. ‘‘काका, हजारो लोकांचं वजन उतरून परत कसं चढलं ते या प्रोग्रॅमने पाहिलंय. वजन वाढायच्या आधी माणसाच्या वागण्यात बारीकसारीक फरक पडतात. आपल्याला दिसत नाहीत ते, त्याला दिसतात.’’

‘‘म्हणजे मी पुढच्या महिन्यात काय खाणार ते याला आज कळणार?’’

‘‘काकूंना कळत नाही का?’’

‘‘तिला कळतं. पण ती तीस वर्षं राहिलीय माझ्याबरोबर.’’

काकू शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘पहिल्या वर्षीच कळलं होतं.’’

सुरुवातीला सगळं छान चाललं. रोज सकाळी काटेवाले अंघोळीआधी काट्यावर उभे राहत आणि दिवा हिरवा दिसला की शीळ वाजवत. बायकोला शिळेवरून दिवा कळे. मग एका सकाळी शीळ वाजली नाही. दिवा पिवळा होता.

काटेवाल्यांनी आकडा पाहिला. आकडा होता तिथेच होता, फार तर नखभर इकडेतिकडे. त्यांचं डोकंच फिरलं. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट मानली होती, काट्यावर जे ठेवलंय तेवढंच काट्याने सांगावं. बटाटे ठेवले तर बटाट्यांचं, खिळे ठेवले तर खिळ्यांचं. उद्या ठेवल्या जाणाऱ्या बटाट्यांचं वजन आज सांगणारा काटा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

‘‘हा काटा नाही, हा ज्योतिषी आहे,’’ ते बायकोला म्हणाले. ‘‘याच्या पोटात काहीतरी बिघडलंय.’’

‘‘याच्या की तुमच्या?’’ बायकोने विचारलं, पण तेव्हा ऐकतंय कोण.

आणि मग जगात फक्त काटेवालेच करू शकले असते ती चूक त्यांनी केली. बायको बाजारात गेल्यावर त्यांनी हॉस्पिटलचा काटा जेवणाच्या टेबलावर उपडा घातला आणि उघडला. आपली पितळी वजनं एकेक करून त्यावर ठेवून पाहिली, तर काय, काटा खरोखरच अर्धा किलो कमी दाखवत होता. काटेवाल्यांचा चेहरा खुलला. चोर सापडला होता. खोटं बोलणारा काटा डोळ्यांसमोर असताना तो तसाच ठेवणं हे त्यांच्या रक्तात नव्हतं. स्क्रू फिरवून, पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी तो अगदी काटेकोर करून ठेवला आणि समाधानाने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुरुस्त काट्यावर उभे राहिले. हॉस्पिटलच्या यंत्राला एवढंच दिसलं की माणूस एका दिवसात अर्ध्या किलोने वाढला. आधीचा पिवळा होताच, आता लाल लागला. काटेवाल्यांच्या तोंडचा ब्रश तसाच राहिला. तासाभरात फोन आला. ‘‘काका, आज येऊन जा. सर्जन ऑपरेशनची तारीख पुन्हा बघायची म्हणतायत.’’

 तारीख त्यांची नव्हती, छोटीची होती. आपल्या कारागिरीपायी तिचं आणखी काही महिने त्या यंत्राशेजारी पडून राहणं लांबलं, तर तिला तोंड कसं दाखवायचं? त्यांनी वजनांची पेटी उचलली, काटा काखेत मारला आणि बायकोला घेऊन हॉस्पिटल गाठलं. वाटेत त्यांनी सगळी कबुली दिली. बायको काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हे काटेवाल्यांना नेहमीच महाग पडत आलेलं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर त्यांनी पितळी वजनं ओळीने मांडली आणि काटा आधी किती खोटा होता, आता किती खरा आहे, ते दाखवून दिलं. बाईंनी सगळं नीट पाहिलं, आणि मग त्यांना असं हसू आलं की त्यांनी कागदांचा गठ्ठा तोंडासमोर धरला.

‘‘काका, आमचा काटा अर्धा किलो कमी दाखवतो हे आम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी तुमचं वजन इथल्या मोठ्या काट्यावर घेतलं ना? तो फरक धरूनच आम्ही आकडा वाचतो. काटा रोज तेवढाच चुकत राहिला तरी चालतं. मधेच सुधारला की पंचाईत.’’

 आजवर त्यांना कोणी काटा दुरुस्त केल्याबद्दल बोललं नव्हतं.

‘‘लाल दिव्याचं सोडा,’’ बाई पुढे म्हणाल्या, ‘‘तो तुम्ही लावलात. पण पिवळा दिवा काटा उघडायच्या आधीच लागला होता. तो खरा आहे. बघा.’’ त्यांनी स्क्रीन फिरवली. ‘‘तुम्ही आधी रोज काट्यावर उभे राहत होता. आता दर आठवड्याला एक सकाळ गाळता, आणि नेहमी तीच. तिच्या आदल्या दिवशी दुपारभर एकही फोटो नसतो. आणि त्याच दिवशी तुम्ही सगळ्यांत जास्त चाललेले असता. एवढं चालणारा माणूस दुपारी काहीच खात नाही, हे आमच्या प्रोग्रॅमला पटत नाही. मलाही नाही. त्या दिवशी काय करता?’’

‘‘त्या दिवशी मी बेकरीच्या गल्लीत असतो,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘काट्यांच्या सरकारी तपासणीचे दिवस जवळ आलेत, सगळ्यांनाच घाई. सकाळी पहिलं दुकान, काटा उघडायचा, साफ करायचा, वजनं लावायची, मालकासमोर पहिला माल तोलायचा, तो खायचा, सील लावायचं, की पुढचं दुकान. दुसऱ्या दिवशी थकव्याने उठायलाच उशीर होतो आणि काट्यावर उभं राहायचं राहून जातं.’’

‘‘तो खायचा म्हणजे?’’

‘‘पहिला तोललेला माल काटा दुरुस्त करणाऱ्याने खायचा असतो. आमच्या धंद्याची रीतच आहे. माझ्या उस्तादाने शिकवली. मालकाला पटतं की काटा खरा झाला. नाही खाल्लं तर त्याला वाटतं, याचाच याच्या कामावर भरवसा नाही.’’

‘‘बेकरीत काय तोलतात?’’

‘‘बिस्किटं. कधी केक. सुकामेव्याच्या दुकानात बदाम, काजू. चॉकलेटवालीकडे चॉकलेट. लोण्याच्या दुकानात जरा त्रास होतो, पण रीत ती रीत.’’

 काटेवाल्यांची बायको हळूहळू त्यांच्याकडे वळली.

‘‘अहो, आणि याचा फोटो?’’

‘‘फोटो खाण्याचा काढायचा,’’ काटेवाले मनापासून म्हणाले. ‘‘हे खाणं थोडंच आहे? हे काम आहे.’’

मी हे सांगतो आहे म्हणून तुम्हाला ते लबाड वाटतील, पण शपथेवर सांगतो, लबाडीचा लवलेशही त्यांच्या मनात नव्हता. तीस वर्षं तो घास त्यांनी हत्यारांच्या हिशेबात धरला होता, पोटाच्या नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे त्यांनाही ठाऊक होतं, पण हे तळं आपल्याच अंगणात साचतंय हे कधी मनात आलं नव्हतं. आता मात्र आलं. आधीच्या दोन्ही वेळा वजन कोणत्या वाटेने परत आलं, तेही त्यांना तिथल्या तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. त्यांनी मान खाली घातली.

‘‘मॅडम, तारीख गेली का?’’

‘‘अजून नाही. सर्जनना मी सांगते. पण पिवळा हिरवा झाला पाहिजे, आणि काट्याला पुन्हा हात लावायचा नाही.’’

काटेवाल्यांनी पेटीतून शिशाचं सील आणि पक्कड काढली. बाईंनी प्रोग्रॅमशी नव्याने जुळवून दिलेल्या काट्याच्या झाकणाला त्यांनी तार ओवली आणि स्वतःच्या हाताने सील दाबलं. लावलेलं सील विनाकारण तोडणारा माणूस त्यांच्या धंद्यात चोरात जमा होतो. बाईंना याचा अर्थ कळला नसावा, पण बायकोला कळला. परतताना ती त्यांच्याशी बोलायला लागली होती.

आता उरली ती बेकरीची गल्ली. आहारतज्ज्ञ बाईंनी प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली की काटेवाले गल्लीत शिरले की फोन थरथरे आणि त्यावर लिहून येई, ‘आज घास मालकाचा’. हे शब्द बायकोचे. रीत मोडायची नव्हती, कारण मालक दुखावले असते. तेव्हा बायकोने ती नुसती उलटी केली. पहिला माल तोलायचा, पण खायचा मालकाने.

पहिल्या दिवशी बेकरीवाल्या बाईंनी बिस्किटं तोलून पुढे केली, तशी काटेवाल्यांनी बशी त्यांच्याकडेच सरकवली.

‘‘का हो, बिघडलाय का काटा?’’

‘‘काटा ठणठणीत आहे. बिघडलोय मी.’’ आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, छोटीचं, मूत्रपिंडाचं, पिवळ्या दिव्याचं. बेकरीवाल्या बाई ऐकता ऐकता चारही बिस्किटं खाऊन बसल्या. छोटीची बस त्यांच्या दारावरून जायची आणि थांबा नसताना त्यांच्यासाठी थांबायची.

बाजारात बातमी पसरायला फोन लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून काटेवाले ज्या दुकानात शिरत तिथे ‘‘या’’ म्हणायच्या ऐवजी ‘‘दिवा कोणता?’’ असा प्रश्न येई. सुकामेवावाला, जो आयुष्यात कोणाला एक बदाम जास्त देत नसे, तो आता काटेवाल्यांना एकही देईना आणि वर त्याचं पुण्य मिरवी. चॉकलेटवालीने सरळ सांगितलं, ‘‘तुमचा घास मी खाते, काळजी करू नका,’’ आणि महिनाभरात तिच्याच घरचे तिला दिवा कोणता म्हणून विचारायला लागले. लोणीवाल्याने मात्र उलटी रीत साफ नाकारली. तीस वर्षांत त्याने स्वतःचं लोणी एकदाही चाखलं नव्हतं, आणि का, ते त्याने सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी घरात शीळ वाजली. बायकोने स्वयंपाकघरातूनच बेकरीवाल्या बाईंना फोन लावला आणि काटेवाले गल्लीत पोचेपर्यंत दुकानादुकानांतून ‘‘हिरवा, हिरवा’’ सुरू झालं होतं. एका अनोळखी गिऱ्हाईकाने विचारलं, इथे निवडणूक आहे का.

मध्ये एकदा दिवा पुन्हा पिवळा झाला. ऑपरेशन जवळ आलं असताना छोटीला ताप भरला आणि काटेवाल्यांची झोप उडाली. आकडा तसूभरही हलला नव्हता. पण या वेळी त्यांनी काट्याकडे संशयाने पाहिलं नाही. ‘‘याला माझी काळजी कळली,’’ ते बायकोला म्हणाले, ‘‘माझ्या आधी.’’ त्यांनी स्वतःहून आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला आणि म्हणाले, ‘‘मॅडम, मी खाणार आहे. अजून खाल्लं नाहीये, पण खाणार आहे. काय करू?’’ बाई म्हणाल्या, बहिणीला जाऊन भेटा. ते चालत हॉस्पिटलात गेले, बायकोसकट. छोटी तापाने फणफणली होती तरी तिने दोघांना रिक्षावाल्यांच्या नकला करून दाखवल्या. त्या रात्री काटेवाले घोरले, आणि पट्ट्याने ते इमानदारीने टिपलं.

ताप उतरला. तारीख टिकली. ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलच्या मोठ्या काट्यावर काटेवाले उभे राहिले, सर्जनने आकडा पाहिला आणि म्हणाला, ‘‘चला.’’ एवढंच. काटेवाल्यांना तो शब्द जन्मभर पुरेल.

तिसऱ्या दिवशी त्यांना चालायची परवानगी मिळाली. एक हात पोटावर, एक हात बायकोच्या खांद्यावर, तोंडावर मास्क, अशा थाटात ते व्हरांडा ओलांडून छोटीच्या खोलीपर्यंत गेले. छोटी उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरचा तो राखेसारखा रंग गेला होता. नर्स म्हणाली, ‘‘तुमचं मूत्रपिंड टेबलावरच कामाला लागलं, एक मिनिट वाट पाहिली नाही.’’

‘‘ते माझं आहे आता,’’ छोटी म्हणाली. ‘‘त्याला सांगू नका, फुगेल.’’

इतके महिने छोटीला दिवसाला ठरावीक पाणी मिळे, त्यापुढे थेंबही नाही. उन्हाळ्यात ती बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायची आणि तो विरघळला की भिंतीकडे तोंड करायची. ते काटेवाल्यांनी अनेकदा पाहिलं होतं आणि त्या वेळी त्यांना खोलीबाहेर जावंसं वाटे. आता डॉक्टरांचा हुकूम उलटा होता, भरपूर प्या. तिने उशाशी ठेवलेला ग्लास उचलला आणि दम न घेता एका घोटात रिकामा केला. मग ग्लास भावापुढे धरला.

काटेवाल्यांनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला. मास्क ओला झाला होता, आणि सवयीने त्यांचे डोळे ग्लासाच्या कडेवर गेले, किती ओतायचं ते बघायला.

‘‘दादा,’’ छोटी म्हणाली, ‘‘मोजू नकोस. नुसतं ओत.’’

त्यांनी ओतलं. ग्लास भरला, काठावरून चादरीवर सांडला, तरी ते ओतत राहिले, आणि छोटी हसत हसत पीत राहिली.